आकडा किती आला, आणि त्या दिवशी काय झालं होतं?

या महिन्याच्या पत्रांत शुगर, बीपी, डोकेदुखी, सांधे सगळंच आहे, पण बहुतेकांना खरं विचारायचंय ते एकच, की रोज मोजायचं किती, लिहायचं काय आणि त्या लिहिलेल्याचं करायचं काय. आजार वर्षानुवर्षं राहणार तर ही वही पण राहणार, त्यामुळे ती कामाची असलेली बरी. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या आकड्यावरून तुम्ही किंवा तुमचे डॉक्टर काही ठरवणार नाहीत तो आकडा रोज मोजत बसू नका, आणि जो मोजाल त्याच्या शेजारी त्या दिवशी काय घडलं ते दोन शब्दांत लिहा. आणि हो, इथे वाचून कुणीही स्वतःच्या गोळ्या कमी-जास्त करायच्या नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : ताई, माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. शुगर बरीच वर्षं आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. मागची तीन महिन्यांची शुगर (सरासरी दाखवणारी HbA1c तपासणी) ७.२ आली. दादा न्यू जर्सीला असतो, त्याने येताना मशीन आणलं आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ रीडिंग फॅमिली ग्रुपवर टाकायचं असा नियम केलाय. एखाद्या दिवशी १५५ आलं की लगेच तिकडून फोन, काय खाल्लं, कुणी दिलं, तुझं लक्ष कुठे होतं. आता मला कळलंय की बाबा मशीन न लावताच आकडा सांगतात, कारण डबीतल्या स्ट्रिप्स कमीच होत नव्हत्या. मी कुणाला समजावू? — एक लेक, सांगली

उत्तर : आधी बाबांवर चिडू नका. या वयात रोज दोनदा बोट टोचून घ्यायचं आणि वर आकडा वाढला की लेकरांना हिशोब द्यायचा, याला कुणीही कंटाळेल आणि बरासा आकडा सांगून मोकळं होईल. माझ्या ओपीडीत अशा वह्या येतात, सगळी पानं ११० आणि ११५ ची, एकाच पेनानं एकाच बैठकीत लिहिलेली, आणि रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची शुगर ९. म्हणजे घरात धाक आहे एवढंच त्या वहीवरून कळतं.

आता मुद्द्याचं. फक्त गोळ्यांवर असलेल्या आणि शुगर आटोक्यात असलेल्या माणसाला रोज दोनदा तपासायची सहसा गरजच नसते. ७१ व्या वर्षी ७.२ हा छान आकडा आहे. बऱ्याच जणांसाठी ७ च्या खाली असं धरतात, पण वय झालं, सोबत हृदयाचं किंवा किडनीचं काही असलं की डॉक्टर स्वतःच ८ पर्यंत चालवून घेतात, कारण त्या वयात शुगर एकदम खाली जाऊन बाथरूममध्ये पडणं हे शुगर थोडी वर राहण्यापेक्षा जास्त महागात पडतं. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत अशी साधारण रेषा असते, त्यामुळे जेवणानंतरचे १५५ असतील तर त्यात फोन करण्यासारखं काही नाहीच, आणि उपाशीपोटीचे असले तरी एका दिवसावरून काही ठरत नाही. शिवाय घरच्या मशीनला जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यातच १०० च्या वरच्या रीडिंगला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे लॅबमध्ये १४० असेल तेव्हा घरी १२० पण दिसू शकतात आणि १६० पण. काल १२६ होती आज १३४ कशी झाली यावर घरात वाद घालणं म्हणजे मशीनच्या फरकावर भांडणं झालं.

त्यात तपासायची पद्धत चुकली तर अजून गोंधळ. आंबा चिरून झाला, हात नुसता पंच्याला पुसला आणि बोट टोचलं, तर त्या बोटावरच्या रसाची साखर पण मशीन मोजतं, म्हणून साबणानं हात धुवून कोरडे करायचे. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण लगेच बंद, पावसाळ्यात तर नक्कीच, दमट हवेनं स्ट्रिप खराब होते आणि काहीतरीच आकडा दाखवते. आणि जेवणानंतरचे दोन तास हे पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही, हे फार जणांना माहीतच नसतं.

मी बाबांना असं सुचवेन, डॉक्टरांना विचारून पक्कं करा. आठवड्यातून एक दिवस, त्या दिवशी उपाशीपोटीची एक आणि एका जेवणानंतरची एक. दर आठवड्याला जेवण बदलायचं, एकदा नाश्त्यानंतरची, एकदा दुपारची, एकदा रात्रीची, म्हणजे महिनाभरात सगळ्या दिवसाचं चित्र येतं. ताप आला, जुलाब लागले, गोळी बदलली, स्टेरॉइड चालू झालं, तर तेवढे दिवस रोज. कसंतरी होतंय, घाम फुटलाय, हात थरथरताहेत असं वाटलं तर वेळकाळ न बघता तेव्हाच. ७० च्या खाली गेली तर लगेच साखर द्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं, आणि सारखी ३०० च्या वर राहायला लागली तर त्याच दिवशी दाखवायचं. त्यांच्या दोन गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे का तेवढं चिठ्ठीवर बघा, कारण नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा लो होत नाही, पण या गोळीनं होऊ शकते आणि मग जेवणाची वेळ चुकवून चालत नाही.

लिहायचं कसं, तर माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात त्यांची वही सांगते. साधी दोनशे पानी, स्केलनं आखलेली, तारीख, वेळ, आकडा आणि चौथा रकाना 'विशेष'. त्या चौथ्या रकान्यात '२३६ — पुतण्याचं लग्न, जिलबी २', '१९० — रात्रभर खोकला, झोप नाही', '६८ — सकाळी फिरून आलो, नाश्ता उशिरा' असं लिहिलेलं असतं. मला ती वही बघायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांत कळतं की लग्नाच्या २३६ ला काही करायचं नाहीये पण त्या ६८ बद्दल आत्ता बोलायला पाहिजे, फिरायला जाण्याआधी काहीतरी पोटात गेलं पाहिजे आणि कदाचित सकाळची गोळी पण बघायला पाहिजे. नुसता ६८ लिहिला असता तर मला पाच प्रश्न विचारावे लागले असते आणि त्यांना काही आठवलं नसतं.

दादाचं म्हणाल तर त्याची काळजी खरी आहे, लांब असलेल्या माणसाच्या हातात आकड्याशिवाय काही नसतं म्हणून तो आकडाच घट्ट धरून बसतो. त्याला दुसरं काम द्या. शुगरवाल्याला वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायांची तपासणी लागते, आणि नेमकं हेच घराघरात राहून जातं कारण त्याचं मशीन घरात नसतं. या तारखा दादानं सांभाळाव्यात, आठवण करावी, अपॉइंटमेंट घ्यावी, हे न्यू जर्सीहून अगदी नीट होतं. वहीच्या पानाचा फोटो महिन्यातून एकदा त्याला जाईल आणि तो बाबा स्वतः पाठवतील. ग्रुपवर नको, ग्रुपवर आत्या-मामा सगळे असतात आणि प्रत्येकाकडे मेथीचा किंवा कारल्याचा एक उपाय असतो. रविवारी फोन केला की पहिली दहा मिनिटं शुगरबद्दल बोलायचं नाही, एवढं त्याला माझ्या नावानं सांगा.

प्रश्न : माझं वय ५४, नोकरी बँकेत. दवाखान्यात बीपी १५२/९४ आलं म्हणून घरी मशीन घेतलं, तर घरी १२८/८० येतं. मिसेस म्हणते मशीन बोगस आहे. मला टेन्शन आलं की मी उठून बघतो, कधी कधी दिवसातून सात-आठ वेळा, आणि तेव्हा १४५-१५० पण येतं. खरं कुठलं धरायचं? — लातूर

उत्तर : दोन्ही खरी असू शकतात. दवाखान्यात गेलं की काही जणांचं बीपी वाढतंच, आणि याच्या उलटं पण असतं, डॉक्टरांसमोर छान आणि घरी-ऑफिसात जास्त, ते जास्त वाईट कारण पकडलंच जात नाही. म्हणून घरचं बीपी फार कामाचं आहे, पण ते नीट घेतलेलं असेल तर.

सात दिवस असं करा. सकाळी उठून लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिच्याही आधी, खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत, हात टेबलावर म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला येतो, आणि पाच मिनिटं गप्प, म्हणजे खरंच गप्प, मोबाइल नको आणि बातम्या तर नकोच. मग एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं, दोन्ही लिहायची. रात्री झोपायच्या आधी परत तसंच. अर्धा तास आधी चहा, सिगरेट, जिना चढणं काही नको. पट्टा दंडाचा असावा, मनगटाच्या मशीनवर मी विसंबत नाही, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, छोट्या पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतं. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकी सहा दिवसांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४० वर ९० ला जी रेषा धरतात ती घरच्या सरासरीला १३५ वर ८५ असते.

मशीन बोगस आहे का हे बघायचं तर पुढच्या वेळी ते पिशवीत टाकून दवाखान्यात घेऊन जा आणि तिथल्या रीडिंगनंतर लगेच त्याच हातावर लावा, मिसेसनाही सोबत न्या.

आणि टेन्शनमध्ये उठून बघणं मात्र बंद करा. टेन्शन आलं की बीपी वाढणार, वाढलेलं दिसलं की टेन्शन अजून वाढणार, आणि त्या रीडिंगवरून कुठलाही डॉक्टर काही ठरवत नाही. ठरलेल्या दोन वेळा सोडून मशीन कपाटात. अपवाद एवढाच, की छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर बीपी मोजण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. त्रास काहीच नाही आणि तरी १८० वर १२० आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत बघा आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

अजून एक, १२८ ला १३० आणि १३३ ला १३० असं गोल करून लिहू नका, मशीन जे दाखवतं तेच लिहा.

प्रश्न : ताई मी ३४ वर्षांची आहे, घरी ट्यूशन घेते. अर्धशिशी लग्नाआधीपासून आहे पण गेल्या वर्षापासून फार वाढलीये, एक दिवसाआड मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी घ्यावीच लागते. नवरा म्हणतो मोबाइलमुळे होतं, सासूबाई म्हणतात पित्त आहे, डॉक्टरांनी विचारलं महिन्यातून किती वेळा तर मला सांगताच आलं नाही, मी म्हटलं सारखंच दुखतं. त्यांनी लिहून आणायला सांगितलंय, पण डोकं दुखत असताना लिहिणार कसं? — नाशिक

उत्तर : दुखत असताना काही लिहायचं नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे ना, ज्यावर आपण दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितो, त्यावरच करायचं. दुखलं त्या तारखेला एक टिंब. काम करता आलं तर एक, काम थांबवावं लागलं तर दोन, अंधार करून झोपावं लागलं तर तीन. गोळी घेतली तर ग, दोन घेतल्या तर ग २, आणि पाळीची तारीख गोल करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटल्यावर खूण केली तरी चालते. तीन महिने करा. याहून जास्त मागणारी अ‍ॅप आहेत, हवामान, झोप, मूड, पाणी किती प्यायलात, सगळं विचारतात, आणि बहुतेक जणी ती आठवडाभरात सोडून देतात.

यात मला सगळ्यात जास्त काळजी त्या ग ची आहे. डोकेदुखीची गोळीच जास्त झाली की तिच्यामुळे डोकं दुखायला लागतं, हे खरं आहे आणि फार बायकांच्या बाबतीत होतं. साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ज्यात दोन-तीन औषधं एकत्र असतात ती किंवा ट्रिप्टान जातीची, म्हणजे खास अर्धशिशीसाठीची गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की हा प्रकार सुरू होऊ शकतो. तुमचं एक दिवसाआड म्हणजे महिन्याला पंधरा झालेच. यात तुमचा दोष काही नाही, दुखल्यावर माणूस गोळी घेणारच, पण हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळीचं रिकामं पाकीट सोबत न्या. अशा वेळी गोळी कशी थांबवायची हे ते ठरवून देतात, पहिले काही दिवस त्रास वाढतो म्हणून त्याची तयारी करावी लागते, आणि महिन्यात चार-पाच दिवसांच्या वर दुखत असेल तर रोज घ्यायची, दुखणं येऊच नये म्हणून दिलेली वेगळी औषधं असतात ती देता येतात. मात्र त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि तो आलाय की नाही हे कळतं परत त्या टिंबांवरूनच, कारण पाच दिवसांचे तीन झाले तरी तिसऱ्या दिवशी आपल्याला वाटतं काहीच फरक नाही.

तीन महिन्यांनी कॅलेंडर लांबून बघा. पाळीच्या आधी दोन दिवस टिंबं जमतात का? संकष्टीला जमतात का? हे मी मुद्दाम विचारते, कारण चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलेल्या बायकांचं डोकं त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उठतं हे मी नेहमी बघते, आणि उपाशी राहणं हे अर्धशिशीचं अगदी ठरलेलं निमित्त आहे. उपास सोडायचा नसेल तर दिवसभर फळं, दूध, दाणे, पाणी चालू ठेवा, निर्जळी करू नका. मोबाइल आणि पित्त याबद्दल घरात वाद घालूच नका, कॅलेंडरमध्ये काय दिसतं ते दाखवा. मात्र एकदा चीज खाल्लं आणि दुखलं म्हणून चीज बंद, एकदा चॉकलेट म्हणून ते बंद, असं करत करत काही जणी ताटातलं निम्मं कमी करून बसतात, ते नको. तीन-चारदा तेच दिसलं तर विचार करा.

दोन गोष्टी डॉक्टरांना न विचारता पण सांगा. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात का, आणि पाळी लांबवायची किंवा मूल नको म्हणून हार्मोनची गोळी चालू आहे का. या दोन्ही एकत्र असतील तर लकव्याचा धोका वाढतो, गोळी बदलावी लागते. आणि आयुष्यात कधी झालं नाही असं एका क्षणात भयंकर डोकं उठलं, किंवा सोबत ताप आणि मान आखडली, हातपाय लुळे पडले, तर ती अर्धशिशी समजून झोपून राहायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : डॉक्टरताई, राम कृष्ण हरी. मी ६१ वर्षांचा, एसटीतून रिटायर झालो. शुगर आहे, गोळ्या आणि रात्रीचं एक इन्सुलिन आहे. आयुष्यभर ड्युटीमुळे वारी घडली नाही, आता आळंदीहून माउलींच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जायचंच आहे. मुलं नको म्हणतात. जाऊ का? पायात चप्पल न घालता जायचा संकल्प आहे. — परभणी

उत्तर : राम कृष्ण हरी माउली. जा, पण अनवाणी नको. हे मी हात जोडून सांगते. बरीच वर्षं शुगर असलेल्या पायाला खडा टोचलेला, डांबर तापलेलं कळतच नाही, आणि न कळलेल्या जखमेतून पाय गमावलेली माणसं मी बघितलीयेत. संकल्प विठ्ठलाच्या भेटीचा आहे, तो बुटातून पण पुरा होतो.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि त्यातला पुणे-सासवड हा टप्पा मोठा, मधे दिवे घाट चढायचा. म्हणजे तयारी दोन महिने आधीपासून. डोळ्यांची, हृदयाची, किडनीची तपासणी करून घ्या आणि पायांची संवेदना तपासून घ्या, डॉक्टर एक प्लॅस्टिकचा तंतू टेकवून बघतात. पायाला जखम असेल, किंवा ते या वर्षी नको म्हणाले तर ऐकायचं, दिंडीच्या गाडीतून येणारे पण वारकरीच असतात. बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून चाला, वारीत नवे बूट म्हणजे पहिल्याच दिवशी फोड.

चालण्यानं शुगर खाली जाते, हे सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून गोळी आणि इन्सुलिन किती कमी करायचं हे निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन मांडीत घेत असाल तर चालायच्या दिवसांत पोटावर घेण्याबद्दल विचारा, चालणाऱ्या पायातून ते पटकन रक्तात जातं. तपासायचं सकाळी निघताना, दुपारच्या विसाव्याला आणि रात्री झोपताना, इथे मात्र मी अजिबात कमी करायला सांगणार नाही. रात्रीची चुकवू नका, दिवसभर चाललेल्या माणसाची शुगर पहाटे झोपेत खाली जाऊ शकते. खिशात साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या पुड्या. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत तीन चमचे, आणि बरं वाटलं की मग भाकरी, लाडू काय असेल ते. नुसता लाडू खाऊन थांबू नका, तो हळू चढतो. तुमच्या दिंडीतल्या चार जणांना सांगून ठेवा की हे बरळायला लागले, घामानं भिजले तर दमलेत समजून झोपवू नका, साखर द्या, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८. गळ्यात तुळशीमाळेसोबत नाव, आजार आणि मुलाचा नंबर लिहिलेलं कार्ड असू द्या.

चालू असलेलं इन्सुलिन फ्रिजशिवाय साधारण चार आठवडे टिकतं, फक्त उन्हात तापू द्यायचं नाही. एका प्लॅस्टिकच्या डबीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीच्या मधोमध. ट्रकमधल्या सामानात ठेवू नका, ट्रक पुढे निघून जातो आणि तिथे तापतं पण. रोज मुक्कामाला पोचल्यावर पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टॉर्च लावून तळवे बघायचे, दिसत नसतील तर सोबत्याला मोबाइलवर फोटो काढायला सांगा आणि तो मुलांना पाठवा, त्यांचीही काळजी मिटेल. फोड आला तर कुणी सुईनं फोडून देतो म्हणालं तरी फोडायचा नाही, वाटेवर सरकारी वैद्यकीय पथकं असतात तिथे दाखवा. वहीत तारीख, मुक्काम, तीन आकडे आणि 'पाय ठीक' किंवा काय झालंय ते. आषाढी एकादशीला मात्र उपास डॉक्टरांनी सांगितलं तसाच, एवढं चालून आल्यावर रिकाम्या पोटी इन्सुलिन घेऊन दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहू नका.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी घेते, लगेच चहा. कॅल्शियमची गोळी पण तेव्हाच, विसरायला नको म्हणून. तरी थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच वरखाली होतो. — चिपळूण

उत्तर : चहा आणि कॅल्शियम, दोन्हीमुळे. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एक तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर घ्या. रोज वही लिहायची गरज नाही, कॅलेंडरवर फक्त गोळी चुकली ते दिवस लिहा. डोस किंवा वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या मगच टीएसएच करा, त्याआधी केलेली तपासणी फुकट जाते.

प्रश्न : मला आरए पॉझिटिव्ह (रक्तात आरए फॅक्टर सापडलेला) संधिवात आहे, वय ४६. सकाळी बोटं वळत नाहीत आणि दुपारी मी बऱ्यापैकी काम करते, त्यामुळे घरात कुणाचा विश्वासच बसत नाही, आत्ता तर बरी होतीस म्हणतात. डॉक्टर विचारतात दुखणं दहापैकी किती, मला ते कधीच सांगता येत नाही. आठवड्याला मेथोट्रेक्सेट आहे. — कोल्हापूर

उत्तर : दहापैकी किती हे मलाही सांगता आलं नसतं. तुम्ही दुसरं लिहा. सकाळी उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, घड्याळ बघून. आणि तुमच्याच घरातली तीन कामं ठरवा, कुकरचं झाकण लावणं, कणीक मळणं, ओला टॉवेल पिळणं, त्यातलं सकाळी आठ वाजता काय जमलं त्यावर बरोबरची खूण. डॉक्टरांना यातून दुखण्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून वीस मिनिटांवर आला तर औषध लागू पडतंय, आणि परत तासावर गेला तर सूज वाढतेय, लवकर दाखवायला पाहिजे. घरच्यांनाही तीच वही दाखवा. या आजारात सकाळी जास्त आणि दुपारी कमी असणं हेच लक्षण आहे, हे मी लिहिलंय असं सांगा, आणि कणीक मळायचं काम सकाळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावं हे पण सांगा.

मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र फार जपून. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, अशा घटना होतात, बहुतेक वेळा घरातलं दुसरं कुणी गोळ्या काढून देतं तेव्हा किंवा दुकानात समजून सांगितलेलं नीट कळलेलं नसतं तेव्हा. एक वार ठरवा, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मराठीत वार लिहून घ्या, पाकिटावरही मार्करनं तोच वार मोठ्या अक्षरात लिहा आणि ते रोजच्या गोळ्यांच्या डब्यात न ठेवता वेगळं ठेवा. घेतल्यावर कॅलेंडरवर त्या वाराला खूण. फॉलिक अ‍ॅसिड ज्या दिवशी सांगितलंय त्या दिवशी, आणि रक्ताची व लिव्हरची तपासणी ठरल्या तारखेला, बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलायची नाही. तोंडात फोड आले, ताप आला, किंवा खोकला आणि दम लागायला लागला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि लागोपाठ दोन दिवस घेतली गेली असं लक्षात आलं तर काही होत नाहीये ना म्हणून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी पाकीट घेऊन हॉस्पिटलमध्ये जा, यावर उतारा म्हणून देतात ते औषध जितकं लवकर मिळेल तितकं जास्त उपयोगी पडतं.